हाडातील मोठ्या पोकळीची टप्प्याटप्प्याने दुरुस्ती : दुसऱ्या शस्त्रक्रियेची योग्य वेळ कोणती?

दुचाकीचा भीषण अपघात होतो. नडगीचे हाड मोडून त्वचेबाहेर येते, जखमेत माती जाते आणि हाडाचा पाच-सहा सेंटीमीटरचा तुकडा घटनास्थळीच गमावला जातो किंवा रक्तपुरवठा तुटल्यामुळे शस्त्रक्रियेत काढून टाकावा लागतो. साधे मोडलेले हाड प्लास्टर, प्लेट किंवा रॉड यांच्या आधाराने जुळून येते, कारण मोडलेली दोन टोके एकमेकांजवळ असतात. मधला भागच नाहीसा झाला तर जुळण्यासारखे काही उरत नाही. अशा पोकळीला वैद्यकीय परिभाषेत ‘अस्थिदोष’ म्हणतात. ती भरून काढण्याचे काम बहुधा एका शस्त्रक्रियेत होत नाही. ते दोन किंवा अधिक टप्प्यांत करावे लागते आणि त्या टप्प्यांमध्ये किती काळ जाऊ द्यावा, हा या उपचारातील सर्वांत नाजूक प्रश्न आहे.

रुग्णाच्या घरच्यांना हा मधला काळ केवळ प्रतीक्षेचा वाटतो. ‘आणखी दीड महिन्याने या’ असे डॉक्टरांनी सांगितले की उपचार थांबले, असा समज होतो. प्रत्यक्षात त्या दीड महिन्यात शरीर हाड उभारणीची पूर्वतयारी करीत असते. ती तयारी पूर्ण होण्याआधी घाई केली तर रोपण केलेले हाड जंतूंच्या तोंडी जाते. ती झाल्यानंतर फार उशीर केला तर तयार झालेल्या उतींचा जोम ओसरू लागतो.

अस्थिदोष ‘मोठा’ कधी म्हणतात?

शरीरात हाड नव्याने तयार करण्याची क्षमता असते, पण तिला मर्यादा आहे. हाड स्थिर ठेवले तरी जी पोकळी आपोआप भरून येत नाही, ती मोठी मानली जाते. सर्वसाधारणपणे दोन सेंटीमीटरपेक्षा लांब आणि हाडाच्या परिघाचा निम्म्याहून अधिक भाग व्यापणारी पोकळी या वर्गात मोडते. तथापि हा आकडा सर्वांना सारखाच लागू होत नाही. मांडीच्या हाडाभोवती मांसल आवरण भरपूर असल्यामुळे तेथील पोकळी काही वेळा भरून येते. नडगीच्या पुढच्या बाजूला त्वचेखाली लगेच हाड असल्याने तेथे ती शक्यता कमी असते.

मोठे अस्थिदोष मुख्यत्वे तीन कारणांनी होतात. पहिले कारण उघडा अस्थिभंग, म्हणजे जखमेतून हाड बाहेरच्या हवेशी संपर्कात आलेला अस्थिभंग. दुसरे हाडातील दीर्घकालीन जंतुसंसर्ग, ज्यात सडलेला भाग कापून काढावा लागतो. तिसरे हाडातील गाठ, जी निरोगी कडेसह काढावी लागते. आपल्याकडे पहिली दोन कारणे बहुधा हातात हात घालून येतात : आधी उघडा अस्थिभंग आणि मागाहून त्याच जागी पू.

सिमेंटभोवती तयार होणारा पडदा

कंबरेच्या हाडातून काढलेला मऊ, जाळीदार अस्थिचुरा पोकळीत भरणे, म्हणजे अस्थिरोपण, ही जुनी पद्धत आहे. लहान पोकळीत ती उत्तम चालते. पोकळी चार-पाच सेंटीमीटरहून मोठी असेल, तर भरलेल्या चुऱ्याला चहूबाजूंनी रक्त मिळत नाही आणि शरीर तो हळूहळू शोषून घेते. काही महिन्यांनी एक्स-रे काढला तर भरलेली जागा पुन्हा रिकामी दिसते.

या अडचणीवर फ्रान्समधील शल्यचिकित्सक अलें-शार्ल मास्कले यांनी एक उपाय काढला. १९८६ मध्ये त्यांनी मोठ्या पोकळीत आधी हाड न भरता अस्थिसिमेंटचा गोळा बसवला. हे सिमेंट इमारतीचे नव्हे. सांधेरोपणात वापरले जाणारे, पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट नावाचे ते एक प्रकारचे वैद्यकीय प्लास्टिक असते. जागा मोकळी राहावी, त्यात मांस घुसू नये आणि जंतूंना वाव मिळू नये, एवढाच मूळ हेतू होता. काही आठवड्यांनी सिमेंट काढताना त्याभोवती शरीराने एक पातळ, रक्तवाहिन्यांनी समृद्ध असा पडदा तयार केलेला आढळला. हा पडदा न फाडता त्याच्या आत अस्थिचुरा भरला तर तो शोषला जात नाही, असे दिसून आले. २००० साली मास्कले आणि सहकाऱ्यांनी अशा ३५ रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांतील पोकळ्या ४ ते २५ सेंटीमीटर लांबीच्या होत्या. आज जगभर ही पद्धत त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

हा पडदा साधारणतः एक मिलिमीटरच्या आसपास जाडीचा असतो. परकी वस्तू शरीरात आली की तिला वेढून टाकण्याची जी नैसर्गिक प्रतिक्रिया होते, तिचाच तो परिणाम. मात्र तो केवळ पिशवीसारखे काम करीत नाही. भरलेल्या चुऱ्याला तो रक्त पुरवतो, बाजूच्या मांसापासून त्याला वेगळे ठेवतो आणि हाडाच्या पेशींना चालना देणारी द्रव्येही स्रवतो. अशा जिवंत आवरणाला स्वतःचे वय असते. दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळेचा प्रश्न त्या वयातून निर्माण होतो.

पहिला टप्पा : शुद्धी आणि स्थैर्य

पहिल्या टप्प्याचे यश दुसऱ्याचे भवितव्य ठरवते. त्यात तीन कामे येतात. प्रथम जखमेतील माती, मृत मांस आणि मृत हाड पूर्णपणे काढले जाते. निरोगी हाड ओळखण्याची खूण म्हणजे त्याच्या कापलेल्या कडेतून बारीक रक्तबिंदू झिरपणे. लांबी वाचवण्याच्या मोहाने मृत हाड मागे ठेवले तर संसर्ग परत येतो. म्हणून पोकळी वाढली तरी चालेल, पण मृत हाड राहता कामा नये, असा नियम पाळला जातो.

त्यानंतर हाड स्थिर केले जाते. संसर्गाची भीती असेल तर बाहेरून बसवलेली सळ्यांची चौकट, नसेल तर आतून रॉड किंवा प्लेट वापरतात. मग पोकळीत सिमेंट बसवले जाते. घट्ट होताना ते तापते, त्यामुळे भोवतालच्या मांसाला इजा होऊ नये म्हणून त्यावर थंड सलाईन सोडतात. सिमेंट हाडाच्या दोन्ही टोकांवर थोडे चढवले जाते, जेणेकरून पुढे तयार होणारा पडदा टोकांनाही वेढून घेईल. संसर्ग असल्यास सिमेंटमध्ये जेंटामायसिन, व्हँकोमायसिन यांसारखी प्रतिजैविके मिसळतात.

शेवटचे आणि अनेकदा सर्वांत कठीण काम म्हणजे त्यावर सजीव आवरण घालणे. नडगीवर त्वचा उरली नसेल तर पोटरीचा स्नायू फिरवून किंवा शरीराच्या दुसऱ्या भागातील मांस रक्तवाहिन्यांसह आणून जखम झाकावी लागते. यासाठी प्लास्टिक सर्जनची गरज पडते. उघडे सिमेंट म्हणजे जंतूंना उघडे दार.

या टप्प्याचेही घड्याळ असते. उघड्या अस्थिभंगाची जखम सहा तासांच्या आत साफ केली पाहिजे, ही जुनी शिकवण जर्मन शल्यचिकित्सक फ्रीडरिख यांच्या १८९८ मधील गिनी पिगवरील प्रयोगांपासून चालत आली. अलीकडच्या अनुभवाने त्या सहा तासांची ताठर रेषा शिथिल केली. रुग्णालयात पोहोचताच, शक्यतो तासाभरात, प्रतिजैविक देणे आणि अनुभवी हातांनी नीट शुद्धी करणे याला आता अधिक महत्त्व आहे. दुसरीकडे जखम झाकण्याच्या कामाला मात्र वेग आला. स्लोव्हेनियातील ल्युब्लियाना येथील मार्को गोदिना यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अनुभवानुसार, पहिल्या ७२ तासांत आवरण घातलेल्या जखमांत संसर्ग आणि अपयश लक्षणीय कमी होते.

सहा ते आठ आठवडे कशावरून?

पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यात सुमारे सहा ते आठ आठवड्यांचे अंतर ठेवावे, ही मास्कले यांची मूळ शिफारस आहे. बहुतेक शल्यचिकित्सक आजही तीच पाळतात. जखम भरून येणे, प्रतिजैविकांचा कालावधी पूर्ण होणे आणि पडदा पुरेसा मजबूत होणे, हे सारे या मुदतीत साधते.

पडद्याच्या अंतर्गत जैविक हालचालींचा शोध त्यानंतर सुरू झाला. २००४ मध्ये फ्रेंच संशोधक पेलिसिए आणि सहकाऱ्यांनी सशांवरील प्रयोगात दाखवले की, पडद्यातून रक्तवाहिन्या आणि हाडाची वाढ घडवणारी द्रव्ये स्रवतात आणि हाडनिर्मितीला चालना देणाऱ्या ‘बीएमपी-२’ या द्रव्याचे प्रमाण चौथ्या आठवड्याच्या सुमारास सर्वाधिक असते. २०१३ मध्ये फिनलंडमधील संशोधकांनी माणसांच्या शरीरातून घेतलेल्या पडद्यांच्या नमुन्यांचा अभ्यास केला. एक महिना वयाच्या पडद्यात रक्तवाहिन्या सर्वाधिक होत्या. तीन महिन्यांच्या पडद्यात त्यांचे प्रमाण त्याच्या साठ टक्क्यांहूनही खाली आले होते. अस्थिनिर्मितीची क्षमताही एक महिन्याच्या पडद्यात अधिक आढळली. त्यामुळे दुसरा टप्पा महिन्याभरातच उरकणे इष्ट ठरावे, असा निष्कर्ष त्यांनी मांडला.

मग सर्वांनी चार आठवड्यांचाच नियम का स्वीकारला नाही? कारण प्रयोगशाळेतील पडदा आणि रुग्णाचा पाय यांत फरक आहे. एका महिन्यात पडदा सज्ज झाला तरी जखम सज्ज असतेच असे नाही. हलवलेले मांस स्थिरावलेले नसते, प्रतिजैविके चालू असतात, सूज उतरलेली नसते. दुसऱ्या बाजूने, अनेक महिन्यांच्या विलंबानंतर दुसरा टप्पा झालेल्या रुग्णांतही हाड नीट जुळल्याच्या नोंदी जगभर आहेत. म्हणजे पडद्याचा बहर ओसरला तरी तो निरुपयोगी होत नाही.

यावरून एक व्यवहार्य क्रम हाती लागतो. संसर्ग नसलेल्या, उत्तम आवरण असलेल्या जखमेत चार ते सहा आठवड्यांत पुढे जाता येते. संसर्गातून बाहेर पडलेल्या जखमेत सहा ते आठ आठवडे, प्रसंगी त्याहून अधिक थांबणे शहाणपणाचे ठरते. संसर्ग आणि विलंब या दोन धोक्यांत संसर्गाचा धोका मोठा आहे. उशिरा भरलेले हाड धिम्या गतीने का होईना जुळू शकते. पुवात भरलेले हाड वाया जाते आणि कंबरेच्या हाडातील साठा काही अमर्याद नसतो.

उज्जैनच्या अभ्यासातून काय उमगते?

क्षिप्रेच्या काठावरील उज्जैन हे प्राचीन भारतीय कालगणनेचे मध्यवर्ती स्थान. याच शहरात झालेला एक आधुनिक अभ्यास शस्त्रक्रियेच्या वेळेचा विचार करताना उपयोगी पडतो. उज्जैनमधील शिक्षण रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात २०१३ ते २०१६ या काळात शस्त्रक्रिया झालेल्या १२०५ रुग्णांची पद्धतशीर नोंद ठेवण्यात आली. तेथील आर. डी. गार्डी वैद्यकीय महाविद्यालय आणि स्वीडनमधील कारोलिन्स्का संस्था यांच्या संशोधकांनी तिचे विश्लेषण करून निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध केले.

हा अभ्यास सर्व प्रकारच्या अस्थिशस्त्रक्रियांचा होता, केवळ मोठ्या अस्थिदोषांचा नव्हे. त्यात ७.६ टक्के रुग्णांना शस्त्रक्रियेच्या जागी जंतुसंसर्ग झाला. कारणीभूत जंतूंमध्ये स्टॅफिलोकोकस ऑरियस हा सर्वाधिक आढळला आणि त्याचे तपासलेले सर्व प्रकार पेनिसिलिनला दाद देत नव्हते. संसर्गाशी संबंध असलेल्या बाबींत यापूर्वी रुग्णालयात दाखल झालेले असणे, शस्त्रक्रियेपूर्वीच्या प्रतिबंधक मात्रेआधीच प्रतिजैविके दिलेली असणे आणि शस्त्रक्रियेनंतर पंधरा दिवसांहून अधिक काळ रुग्णालयात राहणे यांचा समावेश होता. शस्त्रक्रियेपूर्वी अंघोळ केलेल्या रुग्णांतही संसर्गाचे प्रमाण स्पष्टपणे अधिक होते.

टप्प्याटप्प्याच्या उपचारातील रुग्णाकडे या यादीच्या चष्म्यातून पाहिले तर धोका लगेच ध्यानात येतो. दुसऱ्या टप्प्यासाठी येणारा रुग्ण आधी दाखल होऊन गेलेला असतो, आठवडेच्या आठवडे प्रतिजैविके घेतलेला असतो आणि पहिल्या वेळी त्याचा मुक्कामही लांबलेला असतो. म्हणजे यादीतील बहुतेक खुणा त्याच्या अंगावर आधीपासूनच असतात. आकड्यांतील असा संबंध म्हणजे थेट कारण नव्हे, परंतु मधला काळ कसा घालवावा याची दिशा त्यातून मिळते. जखम सुरक्षित झाली की रुग्णाला वॉर्डात पडून ठेवण्यापेक्षा घरी पाठवावे आणि प्रतिजैविके जंतूंच्या तपासणीनुसारच निवडावीत व मुदतीनंतर थांबवावीत.

दुसऱ्या टप्प्याचा निर्णय कसा होतो?

ठरलेली तारीख आली म्हणून शस्त्रक्रिया होत नाही. त्याआधी शल्यचिकित्सक काही बाबी पडताळून पाहतात. जखम पूर्ण कोरडी आहे का, कोठे स्राव किंवा नाळ पडलेली आहे का, लाली आणि ऊब उतरली आहे का, हे डोळ्यांनी पाहिले जाते. रक्तातील सीआरपी आणि ईएसआर या चाचण्यांचे आकडे उतरणीला लागले आहेत का, हे तपासले जाते. या चाचण्यांत एकाच आकड्यापेक्षा ओढ महत्त्वाची. एक्स-रेमध्ये बसवलेली धातूची साधने सैल झालेली नाहीत ना, हेही पाहतात.

यांपैकी एखादी बाब शंकास्पद असेल तर पहिला टप्पा पुन्हा करावा लागतो : जुने सिमेंट काढून, जखम पुन्हा साफ करून नवे सिमेंट बसवले जाते आणि आठवड्यांची मोजणी नव्याने सुरू होते. रुग्णाला हे अपयश वाटते. वस्तुतः तो पुढच्या मोठ्या अपयशापासून केलेला बचाव असतो. शस्त्रक्रियेच्या टेबलावर सिमेंटभोवती पू आढळला तरीही हाच मार्ग धरतात.

सारे अनुकूल असल्यास पडदा एका बाजूने उभा चिरला जातो, सिमेंट तुकड्या-तुकड्यांनी बाहेर काढले जाते आणि प्रयोगशाळेसाठी उतींचे नमुने घेतले जातात. हाडाच्या टोकांवरील बंद झालेली पोकळ नळी पुन्हा मोकळी करतात. नंतर कंबरेच्या हाडातून किंवा विशेष उपकरणाने मांडीच्या हाडाच्या नळीतून मिळवलेला अस्थिचुरा आत भरून पडदा टाके घालून मिटवला जातो. चुरा खच्चून दाबत नाहीत, कारण त्यात रक्तवाहिन्यांना शिरायला वाव हवा असतो.

यानंतरही काम महिनोन्महिने चालते. फ्रान्समध्ये अनेक रुग्णालयांनी मिळून अभ्यासलेल्या ८४ अस्थिदोषांत सुमारे ९० टक्के ठिकाणी हाड जुळले, पण पहिल्या टप्प्यापासून त्यास सरासरी १४ महिने लागले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित आढाव्यात ४२७ रुग्णांपैकी जवळपास ९० टक्क्यांत हाड जुळल्याचे दिसले. त्याच आढाव्यात सुमारे निम्म्या रुग्णांना कोणती ना कोणती गुंतागुंत झाल्याचेही नोंदले आहे. या दोन्ही गोष्टी रुग्णाला आधीच सांगितलेल्या बऱ्या. पाय वाचण्याची शक्यता चांगली आहे, पण वाट सरळ नाही.

दुसरा मार्ग : दररोज एक मिलिमीटर

मास्कले यांची पद्धत एकमेव नाही. सोव्हिएत संघातील कुर्गान येथे गाव्रिल इलिझारोव्ह यांनी १९५० च्या दशकात कड्यांच्या चौकटीची पद्धत विकसित केली. पायाभोवती धातूची कडी बसवून, निरोगी हाडाला दुसऱ्या जागी नियंत्रित छेद देऊन त्याचा तुकडा पोकळीच्या दिशेने सावकाश सरकवला जातो. मागे उरणाऱ्या फटीत नवे हाड तयार होते. पश्चिम युरोपात ही पद्धत १९८० च्या दशकात इटलीमार्गे पोहोचली. महाराष्ट्रात मिरजेचे डॉ. जी. एस. कुलकर्णी आणि अकोल्याचे डॉ. मिलिंद चौधरी यांची नावे या पद्धतीच्या प्रसाराशी जोडली गेली आहेत.

येथेही वेळ हाच उपचाराचा गाभा आहे, फक्त तिचे माप वेगळे. छेद दिल्यानंतर काही दिवस थांबून चौकटीचा स्क्रू दररोज चार वेळा पाव-पाव मिलिमीटर फिरवला जातो, म्हणजे दिवसाला एक मिलिमीटर. वेग वाढवला तर फटीत हाडाऐवजी तंतुमय ऊती भरते. कमी केला तर हाड वेळेआधीच जुळून सरकणे थांबते. या हिशेबाने सहा सेंटीमीटरची पोकळी बंद होण्यासच साठ दिवस लागतात आणि नवे हाड पक्के होईपर्यंत चौकट त्यानंतरही अनेक महिने पायावर राहते. पाय आखूड झाला असेल किंवा वाकडा असेल तर ही पद्धत उपयुक्त ठरते. मात्र रुग्णाला रोज स्क्रू फिरवणे आणि सळ्यांभोवतीची त्वचा स्वच्छ ठेवणे जमले पाहिजे. येथे शिस्त रोजची असते, तर मास्कले पद्धतीत एका भेटीवर पुष्कळ काही अवलंबून असते. ती भेट चुकता कामा नये.

चुकलेल्या तारखेची किंमत

सिमेंट बसवल्यानंतर वेदना कमी होतात, जखम भरते, पाय स्थिर वाटतो. काही जण काठीच्या आधाराने चालूही लागतात. त्यामुळे दुसरी शस्त्रक्रिया टाळण्याचा किंवा लांबवण्याचा मोह होतो. पण सिमेंट म्हणजे हाड नव्हे. शरीराचा सारा भार रॉडवर किंवा प्लेटवर पडत असतो आणि वारंवार पडणाऱ्या भाराने धातूही थकून तुटतो. तुटलेला रॉड, मोडलेले सिमेंट आणि पुन्हा उद्भवलेला संसर्ग अशा अवस्थेत रुग्ण वर्षभराने परतला, तर पहिल्या टप्प्यापासून सारे करावे लागते.

पैशाचे गणितही याच जागी अडते. केंद्र सरकारने २०२५ मध्ये लागू केलेल्या योजनेत रस्ते अपघातग्रस्तांना दीड लाख रुपयांपर्यंत रोखरहित उपचार मिळतात, परंतु अपघातापासून सात दिवसांपर्यंतच. टप्प्याटप्प्याच्या उपचारात सातव्या दिवशी जेमतेम पहिला टप्पा झालेला असतो. दुसऱ्याचा खर्च साधारणपणे सहा ते आठ आठवड्यांनी उभा राहतो. गोव्यातील कुटुंबांना दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन सदस्यांपर्यंत अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांचे वार्षिक संरक्षण आहे. त्यातील किती रक्कम पहिल्या टप्प्यातच संपली आणि दुसऱ्यासाठी कोणती मंजुरी लागेल, याची चौकशी घरी जाण्यापूर्वीच केलेली बरी. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पहिला टप्पा आणि बेळगाव किंवा मिरजेत दुसरा, असे घडणार असेल तर कागदपत्रांना औषधाइतकेच महत्त्व येते.

रुग्णालयातून निघताना पुढील बाबी डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्याव्यात :

• सिमेंट कोणत्या तारखेला बसवले आणि त्यात कोणते प्रतिजैविक मिसळले आहे.

• जखमेतील नमुन्यात कोणता जंतू आढळला आणि तो कोणत्या औषधाला दाद देतो.

• प्रतिजैविके कोणत्या तारखेपर्यंत घ्यायची.

• पायावर किती भार द्यायचा आणि कधीपासून.

• दुसऱ्या टप्प्याची अंदाजे तारीख आणि त्यापूर्वी करायच्या रक्तचाचण्या.

• बसवलेल्या रॉड किंवा प्लेटचा तपशील आणि सर्व एक्स-रे.

मधल्या आठवड्यांत रुग्णाच्या हातीही बरेच काही असते. तंबाखू आणि धूम्रपान पूर्ण बंद करणे हे त्यात सर्वांत वरचे, कारण निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि हाड जुळण्यास विलंब होतो. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात ठेवणे, आहारात मासे, अंडी, डाळी, दूध यांतून पुरेशी प्रथिने घेणे, वेदनाशामक गोळ्या मनाने न घेणे आणि घोटा व गुडघा सांगितल्याप्रमाणे हलवत राहणे हेही उपचारच आहेत. ताप आला, जखमेतून पाणी किंवा पू आला, सूज अचानक वाढली किंवा पाय वाकडा वाटू लागला तर तारखेची वाट पाहू नये.

मोठ्या अस्थिदोषाच्या उपचारात सहा ते आठ आठवडे ही एक खिडकी आहे. ती केव्हा उघडली हे जखम सांगते आणि फार लांबवू नये हे पडदा सांगतो. या दोहोंचा मेळ घालणे हे शल्यचिकित्सकाचे काम आहे. त्या खिडकीच्या वेळी रुग्णालयाच्या दारात उभे असणे हे रुग्णाचे आणि त्याच्या घरच्यांचे.